शंभरी गाठलेले पूर्वज आणि वंशवृक्षातल्या रिकाम्या जागा

(घराण्याचं नाव, मूळ गाव गाळलं आहे आणि माणसांची नावं बदलली आहेत.)

पार्श्वभूमी

घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुढे शाखा पुण्याला, सांगलीला, बडोद्याला आणि इंदूरला गेल्या. कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती १९५४ची, पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली. दुसरी काढायचं ठरलं तेव्हा सात जणांची समिती झाली आणि तिच्यात मलाही ओढलं. मी या घरची माहेरवाशीण. कॉलेजात तीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. "आकडेवारी तुझ्याकडे," असं मला सांगितलं गेलं. आकडेवारी म्हणजे जन्मसाल-मृत्युसाल तपासणं, शके आणि इसवी यांचा मेळ घालणं. शके अधिक ७८, एवढं आलं की झालं, अशी समितीची समजूत होती.

पहिल्या आवृत्तीत माझ्या दोन आत्या "कन्या २, विवाहित" एवढ्याच शब्दांत आहेत. हे मला लहानपणापासून खुपायचं. या प्रकरणाशी त्याचा संबंध आहे हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

अडचण

समितीतले सर्वांत वडीलधारे म्हणजे अण्णा, वय ८६. त्यांनी नव्या आवृत्तीसाठी पहिला लेख लिहिला: 'आपले दीर्घायुषी पूर्वज'. ऐंशी ओलांडलेल्या २३ पुरुषांची यादी, त्यात एक रामचंद्र गणेश, १०४ वर्षांचे. साजूक तूप, मैलोन् मैल चालणं, विहिरीचं पाणी, खताशिवाय पिकलेलं धान्य अशी कारणं. शेवटी एक हिशेबही होता. शाखांकडून भरून आलेल्या फॉर्मांवरून त्यांनी १९५० नंतर जन्मलेल्या आणि वारलेल्या मंडळींची वयं काढून सरासरी घेतली होती. ती पन्नाशीच्या जरा पुढे आली. म्हणजे ऐंशी-नव्वदवरून आपण पन्नाशीवर आलो, असा निष्कर्ष.

जर्मनीत असलेल्या एका पुतण्याने हा लेख वाचला, सगळ्या तारखा एक्सेलमध्ये भरल्या आणि रात्री दोन वाजता घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं: आपल्या पूर्वजांचं सरासरी आयुष्य ४१, शतायुषी वगैरे लोणकढी थाप आहे. सकाळपर्यंत ऐंशी-नव्वद मेसेज. कोणी अंगठा दाखवला, कोणी हात जोडले. दुपारी अण्णा गटातून बाहेर पडले.

डिसेंबरात कुलसंमेलन, त्यात प्रकाशन. छपाईच्या खर्चाचा मोठा वाटा अण्णांनी उचललेला. हेही सांगायला हवं, कारण समितीच्या प्रत्येक बैठकीत ते न बोलता टेबलावर होतंच.

मी दोघांचे कागद घेऊन बसले. दोघांचीही बेरीज बरोबर होती. दोघांचीही सरासरी निरुपयोगी होती.

अण्णांची चूक दुपदरी. जुन्या काळाच्या यादीत फक्त मोठे झालेलेच पुरुष होते. जे बारशाआधी किंवा जावळाआधी गेले, त्यांची नावंच वंशवृक्षात नाहीत. नव्या काळाच्या यादीत उलटा प्रकार: १९५० नंतर जन्मलेल्यांपैकी जे वारले तेवढेच मोजले. १९५५ साली जन्मलेला माणूस आज वारलेल्यांच्या यादीत असेल तर तो सत्तरीच्या आसपास किंवा त्याआधीच गेलेला असणार, दुसरं काही शक्यच नाही. त्याची नव्वद गाठणारी भावंडं अजून सकाळी फिरायला जातायत, म्हणून हिशेबात नाहीत. जुन्यांतले लहान गळाले होते आणि नव्यांतले म्हातारे अजून यायचे होते.

पुतण्याची चूक जास्त गमतीची. बडोदा शाखेत एक कारकुनी शिस्तीचे गृहस्थ होऊन गेले. त्यांनी प्रत्येक मूल लिहून ठेवलं, अगदी पाचवीच्या पूजेआधी गेलेलंसुद्धा. त्यांच्या नोंदी पहिल्या आवृत्तीत जशाच्या तशा छापल्या आहेत. इंदूर शाखेने काहीच लिहिलं नाही. त्यामुळे एक्सेलमध्ये बडोदेकर अल्पायुषी आणि इंदूरकर दीर्घायुषी ठरले. ज्यांनी वही नीट ठेवली त्यांच्याच घरात मरणं जास्त दिसली. शिवाय अडीचशे वर्षं एकाच सरासरीत कोंबलेली. ४१ हा आकडा नेमका कोणाचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पर्याय

बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या. लेख गाळायचा. दोन्ही लेख शेजारी-शेजारी छापून वाचकावर सोडायचं. सरकारी आयुर्मानाचे आकडे देऊन विषय मिटवायचा. किंवा आपल्याच नोंदी परत मोजायच्या, पण आधी कोणाला मोजता येतं ते ठरवून.

गाळायचं म्हणजे अण्णांचा अपमान, आणि खरं तर प्रश्नाचाही. दोन्ही छापणं सोयीचं वाटत होतं. चिटणिसांचा कल तिकडेच होता. पण चुकीच्या दोन सरासऱ्या एकमेकींशेजारी ठेवून काय साधणार? "काही लोक म्हणतात असं, काही म्हणतात तसं" हा समतोल मला वर्गातही कधी जमला नाही.

मी स्वतः तिसऱ्या पर्यायाकडे झुकले होते, कारण ते आकडे ठाम आहेत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानात जन्माच्या वेळचं आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. त्या दशकात १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली, जिने देशात सव्वा कोटीच्या आसपास माणसं नेली, आणि काही अंदाज तर याहूनही वर जातात. १९४१-५१ मध्ये ते ३२च्या घरात आलं, १९७०-७५ मध्ये पन्नाशीला टेकलं. अलीकडे देशाचं ७०च्या आसपास आणि महाराष्ट्राचं ७२च्या वर. १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ मुलं एक वर्षाची व्हायच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६.

मी हे फोनवर अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, हे दुष्काळातल्या उपाशी माणसांचे आकडे. आपलं खातंपितं घर. सरकारची सरासरी माझ्या आजोबांना कशाला लावतेस?"

वीस वर्षं आयुर्मान म्हणजे माणसं विशीत म्हातारी व्हायची असा अर्थ नाही, हे मला सांगायचं होतं. पण त्यांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. सरासरी देशाची, वृत्तांत घराचा. म्हणून चौथा पर्याय घेतला. प्रकाशनाला पाच महिने उरले होते.

काय केलं

पहिल्यांदा १०४ वर्षांच्या रामचंद्र गणेशांना हात घातला. जन्म शके १७५८, म्हणजे १८३६, मृत्यू १९४०. कोकणातल्या घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे रामचंद्र गणेश, त्यांचा मुलगा गणेश रामचंद्र, त्याचा मुलगा पुन्हा रामचंद्र गणेश. आजा आणि नातू यांचं पूर्ण नाव अक्षरशः एकच. मला शंका आली, पण पुरावा नव्हता. श्राद्धाची तिथी घरात सगळ्यांना पाठ होती. तिथीवरून दिवस कळतो, साल कळत नाही.

पुरावा नाशिकला मिळाला. आमच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत, लांबट बाडात, मोडीत लिहिलेली शके १८११ची नोंद निघाली. गणेश रामचंद्र आले होते, आणि त्यांनी वडिलांच्या नावामागे 'कै.' लिहिलं होतं. म्हणजे १८८९ पर्यंत थोरले रामचंद्र गेलेले होते, फार तर ५३व्या वर्षी. १९४०ला गेले ते नातू. एकाचा जन्म आणि दुसऱ्याचा मृत्यू जोडून १०४ वर्षांचा एक माणूस तयार झाला होता. गुरुजींनी बाड मिटताना सहज विचारलं, "तुमच्या घरचे फार जगायचे म्हणे?" मी हसले.

याच रीतीने यादी तपासली तेव्हा २३पैकी सहा नावं गळली. उरलेली सतरा मात्र खरी होती. ऐंशीच्या पुढची माणसं त्या काळी होतीच. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२, १०४ वर्षं जगले. पंडित सातवळेकरांनी शंभरी गाठली. पण याच काळात, याच पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूल काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तिशीही न गाठता गेले, आगरकर चाळिशीआधी. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परत आल्या आणि बावीस पूर्ण व्हायच्या आत गेल्या. त्याआधी त्यांचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं.

मग वंशवृक्षातल्या रिकाम्या जागांकडे वळले. मेलेल्या मुलांची नोंद नसेल, पण त्यांची सावली जिवंत राहिलेल्यांच्या नावांत असते. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकाजी असं ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. काही घरांत मुलाचं नाक टोचायचे आणि नथू म्हणायचे. पहिल्या आवृत्तीत अशी नावं मोजायला बसले तर इंदूर शाखेतच, जिथे एकही बालमृत्यू नोंदलेला नाही तिथेच, धोंडो आणि भिकाजी यांची गर्दी. नावावरून मुलं मोजता येत नाहीत. धोंडो हे पुढे नुसतं आजोबांचं म्हणूनही ठेवलं जाई. पण "इथे काहीच घडलं नाही" असं धरता येत नाही, एवढं नक्की.

बायकांचं आणखी अवघड. मुली लग्नानंतर वृक्षातून नाहीशा होतात आणि सुना लग्नानंतरच उगवतात. एका पुरुषापुढे दोन-तीन बायकांची नावं दिसली की आधीची बाळंतपणात गेली असं मी सरसकट धरणार होते. चिटणिसांनी हटकलं: मूल नाही म्हणून पहिली असतानाही दुसरी करत. बरोबर होतं. मग सगळ्या शाखांना एकच प्रश्न पाठवला: पितृपक्षात तुमच्याकडे अविधवा नवमी कोणाची करतात? नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध त्या दिवशी असतं. तिची तिथी, साल, आजार कोणाच्या लक्षात नसला तरी नवमीला पान कोणाचं वाढतात हे घरातल्या बाईला माहीत असतं. उत्तरं चार दिवसांत आली. पुरुषांना विचारलेले फॉर्म दोन वर्षं पडून होते.

खरा निर्णयाचा क्षण मोजणीचा नियम ठरवण्याचा. बालमृत्यू धरले तर बडोदा सोडून कुठेच पुरती नोंद नाही. सोडले तर मुख्य गोष्टच सुटते. शेवटी दोन वेगळे प्रश्न केले. पहिला: जे विसाव्या वर्षापर्यंत पोचले, त्यांच्यापैकी साठी किती जणांनी गाठली? यात जुने-नवे एकाच मापाने मोजता येतात. पण नवे म्हणजे १९४५ पर्यंत जन्मलेलेच, कारण त्यांची पंचाहत्तरीसुद्धा होऊन गेली आहे, हयात असोत वा नसोत. दुसरा: विशीच्या आत किती गेले? हा फक्त बडोदा शाखेपुरता, आणि तसं छापील सांगायचं.

एवढं झाल्यावर अण्णांकडे गेले. गणित मांडून दाखवायला एक काल्पनिक घर केलं होतं. दहा मुलं. त्यांतली चार जण एक वर्षाची होता होता गेली, एक पंचविसाव्या वर्षी, एक चाळिसाव्या. उरलेले चौघे सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी आणि पंच्याऐंशी वर्षं जगले. दहाजणांची सरासरी अडतीसच्याही आत येते, आणि तरी त्या घरात नातवंडांनी पाहिलेले चार म्हातारे आहेत. नातवंडं त्यांचीच गोष्ट सांगणार.

अण्णा म्हणाले, "हे तू रचलेलं घर." मग मी खऱ्या घराकडे गेले, नोंदी चोख आणि पैशाला कमी नाही अशा. शनिवारवाड्याकडे. थोरले बाजीराव चाळिशीच्या आत, रावेरखेडीला तापाने. चिमाजीअप्पा त्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास. नानासाहेब चाळिशीत. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला, क्षयाने. राघोबादादा पन्नाशीच्या आत. लढाईत पडले ते यांतले कोणी नाही. विश्वासराव पानिपतावर गेले, नारायणरावांचा खून झाला, सवाई माधवराव पडून गेले, ते मी हिशेबात धरलेच नाहीत. वैद्य होते, तूप होतं, घोड्यावरची मेहनत होती. सगळ्यांत जास्त जगले दुसरे बाजीराव, शहात्तर वर्षं, राज्य घालवून ब्रह्मावर्ताला बसून.

"तेवढं एक नको सांगूस," अण्णा म्हणाले, आणि हसले. मग बराच वेळ गप्प बसले. नंतर आपणहून म्हणाले की त्यांच्या वडिलांना आजी नथ्या म्हणायची, आणि का म्हणायची हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

निकाल

लेख छापला गेला, अण्णांच्याच नावाने, नव्याने लिहून. शीर्षक 'आपल्या घराण्यातली आयुष्यं'. सतरा जणांची यादी राहिली. ती काढायचं कारणच नव्हतं. शेजारी माझी मोजणी. १९०० पूर्वी जन्मून विशी गाठलेल्यांत साठी पाहणारे निम्म्याच्या आतबाहेर. १९२० ते १९४५ मधल्यांत साठी न पाहणारे अपवादाने. बडोदा शाखेच्या जुन्या पानांवर विशीच्या आतली मरणं इतकी आहेत की ती वाचताना बोट पुढे सरकत नाही. शेवटचं पान १९१८च्या आश्विन-कार्तिकातलं, एकाच घरातली तीन नावं, पुढे आजार एका शब्दात: मानमोडी.

अण्णांचा एक मुद्दा मी लेखात आग्रहाने ठेवला. साठी ओलांडलेल्याच्या वाट्याला किती वर्षं वाढली, हे पाहिलं तर वाढ बेताची आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात साठीच्या माणसाला पुढे सरासरी १४ वर्षं होती, आता १८च्या आसपास. म्हणजे म्हातारे तेव्हाही म्हातारे होत, आज थोडे जास्त होतात. मोठा फरक पाळण्यात आणि बाळंतिणीच्या खोलीत पडला: देवीची लस, पटकीपासून सुटका देणारं नळाचं पाणी, मलेरियाविरुद्धची फवारणी, धनुर्वाताची इंजेक्शनं, पेनिसिलीन. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५चा. माझ्या दंडावर ते व्रण आहेत, माझ्या मुलीच्या नाहीत.

पुतण्याचं नाव मोजणीसाहाय्य म्हणून छापलं. त्याने गटावर माफी मागितली, जरा कोरडीच. अण्णा गटावर परत आले नाहीत. फोनवर बोलतात.

पुन्हा करायचं तर

फॉर्म पहिल्या दिवशीच बायकांकडे पाठवला असता. अर्ध्या अडचणी तिथेच सुटल्या असत्या. फॉर्ममध्ये "हयात" असा रकाना नव्हता. मृत्युसाल कोरं म्हणजे हयात की माहीत नाही, हे फोन करून विचारत बसावं लागलं. त्यात दोन हयात माणसांना कै. केलं, एकांनी फोनवर चांगलंच सुनावलं.

पुतण्याला रात्रीच फोन करायला हवा होता, गटावर उत्तर द्यायच्या ऐवजी. मी सकाळी साडेसहाला "दोन्ही आकडे चुकीचे आहेत" असं लिहिलं आणि दोघांनाही दुखावलं. बरोबर असण्याची घाई, दुसरं काही नाही.

१९४५ची मर्यादा मला अजून थोडी टोचते. तिच्यामुळे १९५० नंतरच्या पिढीचा प्रश्न अनुत्तरित राहिला. मधुमेह आणि हृदयविकाराने पन्नाशीत गेलेले आमच्याकडे आहेत, आणि २०२१च्या उन्हाळ्यात कोविडने चार घरं उघडी पडली. अण्णांची भीती तिथून आलेली होती. त्यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला. हिशेब चुकीचा होता म्हणून मी भीतीकडेही पाहिलं नाही. त्या पिढीचं उत्तर पुढच्या आवृत्तीत येईल, पंचवीस-तीस वर्षांनी.

नव्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे: 'लहानपणी गेलेली मुलं, नाव असल्यास'. समितीत त्यावर वाद झाला. अशुभ गोष्ट कशाला उकरायची, असं दोघांचं म्हणणं. मतदान चार विरुद्ध तीन. संमेलनाच्या आदल्या आठवड्यात सांगलीहून एक फोन आला, ९१ वर्षांच्या काकू. दोन नावं सांगितली, दोन्ही मुली, १९५३ आणि १९५५च्या. मी विचारलं, छापू का नक्की? त्या म्हणाल्या, "छाप की. बारसं झालं होतं दोघींचं."